शेजारचा अठरा वर्षांचा मुलगा मिशनवर निघालाय: दोन वर्षं तो तिथे करतो तरी काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पुण्याहून अमेरिकेच्या युटा राज्यातल्या लीहायला येऊन काही वर्षं झाली. शेजारच्या मॉर्मन (अमेरिकेत जन्मलेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या) कुटुंबातला मुलगा तुमच्या मुलाचा जिवलग मित्र. त्याला फिलिपिन्सचं मिशन, म्हणजे तिथे जाऊन पंथाचा प्रचार करण्याचं काम, मिळालंय आणि पुढच्या महिन्यात तो निघतोय. तुमचा सतरा वर्षांचा मुलगा त्यामुळे गप्प गप्प आहे. इतक्या कोवळ्या पोराला आईबाप दोन वर्षं कसं धाडतात, तो दिवसभर काय करतो, घरची आठवण आणि श्रद्धा यांचा मेळ कसा घालतो, आणि उद्या हीच मंडळी आपल्या मुलाच्या मागे लागली तर काय, असं तुम्ही विचारलंय.

मी त्या पंथाची नाही, सांगलीकडची आहे. युटा काउंटीत कॉलेजच्या मुलांची समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम केलंय. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्यांत मिशनवर निघालेली, जाऊन आलेली आणि मधूनच परतलेली अशी तिन्ही प्रकारची मुलं भरपूर असतात. पुढे ज्या मुलांचे उल्लेख येतील ती दोनतीन जणांची मिळून एक केलेली आहेत, कुणाला ओळखू येऊ नये म्हणून.

आधी सक्तीचं बघू. कागदोपत्री सक्ती नाही. मुलग्यांनी जाणं हे चर्च कर्तव्य मानतं, मुलींना मोकळीक आहे. मुलगे चोवीस महिने जातात, मुली अठरा. 2012 मध्ये चर्चने मुलांचं किमान वय 19 वरून 18 वर आणि मुलींचं 21 वरून 19 वर आणलं. 2025 च्या अखेरीस मुलींचंही 18 केलं. पण लीहायसारख्या गावात सक्ती कागदावर असावी लागतच नाही. तिथे सोळा वर्षांच्या पोराला लोक ‘कधी जाणार?’ असं विचारतात, ‘जाणार का?’ असं कुणी विचारत नाही. ज्याला मनापासून जायचंय त्याला हे वारं पाठीवर असतं. ज्याला खात्री नसते त्याची मात्र घुसमट होते, आणि ती तो घरात बोलू शकत नाही.

पगार एक डॉलरही नाही, उलट पैसे भरून जायचं. अमेरिकेतल्या मिशनरीच्या घरून महिन्याला 500 डॉलर जातात (जुलै 2020 पर्यंत 400 होते), म्हणजे दोन वर्षांचे 12 हजार. बरीच मुलं हे पैसे उन्हाळ्यात हिरवळी कापून, पिझ्झाच्या दुकानात राबून साठवतात. उरलेले आईबाप घालतात आणि कमी पडलं तर वॉर्डातले, म्हणजे त्यांच्या स्थानिक मंडळीतले, लोक हातभार लावतात. सगळे पैसे एका सामाईक निधीत जातात आणि तिथून प्रत्येकाला त्याच्या ठिकाणच्या महागाईप्रमाणे खर्चाला मिळतात. 1991 च्या आधी जिथे जाल तिथला खर्च ज्याचा त्याने सोसायचा. त्यामुळे मुलाला जपान मिळालं की बापाच्या पोटात गोळा यायचा.

जागा मुलाला निवडता येत नाही. तो अर्ज भरतो, डॉक्टरचं आणि दातांच्या डॉक्टरचं पत्र जोडतो. (इथे मिशनच्या आधी अक्कलदाढा काढून घ्यायची जवळपास रीतच आहे. गाल सुजलेला अठरा वर्षांचा मुलगा दिसला की शेजारी समजून जातात.) मग चर्चच्या प्रेषितांपैकी, म्हणजे सर्वोच्च नेत्यांपैकी, कुणीतरी त्याची जागा ठरवतो. पूर्वी पोस्टाने मोठं पांढरं पाकीट यायचं, आता ईमेल येतो. नातेवाईक, मित्र, शिक्षक सगळे दिवाणखान्यात जमतात, लांबचे लोक फोनवर असतात आणि मुलगा मोठ्याने वाचतो. तुमचा मुलगा त्या संध्याकाळी तिथे असणारच. त्याच्या उदासीची सुरुवात बहुधा तिथेच झाली असेल.

निघण्याआधी प्रशिक्षण. त्यातलं काही आता घरी बसून ऑनलाइन होतं, उरलेलं इथल्याच प्रोवो शहरातल्या किंवा मनिलाच्या केंद्रात. भाषा येत असेल तर दोनतीन आठवडे, नवी शिकायची असेल तर सहा ते नऊ. प्रोवोत पन्नासहून जास्त भाषा शिकवतात, आणि शिकवणारे बहुतेक नुकतेच परतलेले मिशनरी असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच तुटक्यामुटक्या सेबुआनोत किंवा टागालोगमध्ये (या फिलिपिन्सच्या भाषा) प्रार्थना करायला लावतात. व्याकरण मागाहून येतं. भाषा शिकवण्याची ही पद्धत मला मनापासून पटते.

आता दिवस. साडेसहाला उठणं, अर्धा तास व्यायाम, अंघोळ, नाश्ता. मग धर्मग्रंथांचा अभ्यास आधी एकट्याने, नंतर जोडीदारासोबत, आणि त्यानंतर भाषा. दहाच्या आसपास घराबाहेर. रात्री नऊ-साडेनऊला परत, उद्याची आखणी, साडेदहाला दिवे बंद. 2017 पासून या वेळा देशाप्रमाणे थोड्या हलवता येतात, सांगाडा तोच. सिनेमा, टीव्ही, प्रेमप्रकरण, मनाला येईल ते संगीत, सगळं बंद. फोन मिळतो, पण कामापुरता. पहिलं नाव पुसलं जातं. मुलगा ‘एल्डर अमुक’, मुलगी ‘सिस्टर तमुक’, तेही आडनावाने. छातीवर काळी पट्टी, तिच्यावर ते आडनाव आणि चर्चचं नाव.

युटातलं पोर फिलिपिन्समधल्या एखाद्या गावात पोचतं तेव्हा पहिला धक्का धर्माचा बसत नाही, न्हाणीघराचा बसतो. बादली आणि टमरेल! एक मुलगा मला हे इतक्या अपूर्वाईने सांगत होता, की मला हसू आवरेना. ‘एका बादलीत डोकं, साबण, सगळं होतं आणि वर मोजे धुवायला पाणी उरतं,’ असं म्हणाला. दुसरा धक्का तिन्ही त्रिकाळ भात. तिसरा उन्हाचा. पांढरा शर्ट सकाळी इस्त्रीचा असतो आणि अकराला पाठीला चिकटलेला. ट्रायसिकल किंवा जीपनीने एखाद्या वस्तीच्या टोकाला उतरायचं आणि चालत सुटायचं. काल ‘उद्या नक्की या’ म्हणालेली बाई आज घरात नसते. तिचा लहान मुलगा दारात उभा राहून ‘आई नाही म्हणाली’ असं निष्पापपणे सांगून टाकतो. पुढचं घर. तिथे म्हातारे गृहस्थ प्रेमाने बसवतात, खायला घालतात आणि शेवटी ‘आमचा कॅथलिक धर्म आम्हाला पुरेसा आहे’ म्हणून निरोप देतात. तिसऱ्या घरी खरंच कुणीतरी ऐकतं. दुपारी एखाद्याच्या घराच्या भिंतीला सिमेंट लावून दे, कुणाचं सामान हलव, कुठे इंग्रजी शिकव. आता फेसबुकवरूनही माणसं शोधतात, त्यामुळे ओळीने दारं ठोठावणं पूर्वीपेक्षा कमी झालंय. संध्याकाळचं जेवण बऱ्याचदा चर्चच्या सभासदांकडे असतं, आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे ना, अगदी तसं. आणि तेव्हासारखंच पानात पडेल ते खायचं आणि यजमानीणबाईंना छान झालंय म्हणायचं.

एक नियम ऐकून माझ्या मुलीला फारच कीव आली होती: पोहायचं नाही. चारी बाजूंनी समुद्र, आणि दोन वर्षं त्यात उतरायचं नाही. युटात याच्या भोवती सैतान आणि पाण्याच्या दंतकथा आहेत, पण साधं कारण बुडण्याच्या धोक्याचंच असावं असं मला वाटतं. हजारो तरुण पोरं परक्या किनाऱ्यांवर सांभाळायची म्हणजे असे नियम लागतात.

आठवड्यातला एक दिवस, बहुतेक ठिकाणी सोमवार, तयारीचा. सगळे त्याला पी-डे म्हणतात. कपडे धुणं, बाजार, केस कापणं, बास्केटबॉल, ईमेल आणि घरी फोन. फोनची ही सोय फेब्रुवारी 2019 पासूनची. त्याआधी वर्षात दोनच फोन: ख्रिसमसला आणि मदर्स डेला. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो. हा बदल झाला तेव्हा काही जुनी मंडळी कुरकुरली, की आता पोरं घरातच गुंतून राहणार. माझा अनुभव बरोबर उलटा आहे. आईचा चेहरा दिसला की मुलाला रडायला जागा मिळते आणि आठवडा निभतो. फक्त एक नवी अडचण झाली. पूर्वी मुलगा वाईट अवस्थेत असेल तर आईला महिनोन्महिने कळायचं नाही. आता तिला दर आठवड्याला कळतं आणि करता मात्र काही येत नाही. मनिलाचं घड्याळ आपल्या पुढे चौदा-पंधरा तास, म्हणजे तुमच्या शेजारणीचा फोन रविवारी संध्याकाळी वाजेल. त्या वेळी तिच्याकडे काही मागायला जाऊ नका.

या सगळ्यात सर्वांत कठीण काय, असं मला विचारलंत तर मी नकार म्हणणार नाही, ऊनही नाही आणि घरची ओढही नाही. सर्वांत कठीण जोडीदार.

मिशनरी कधीही एकटा नसतो. बायबलमध्ये येशू शिष्यांना दोघादोघांनी धाडतो, त्याला धरून हे चालतं. जोडीदार नेहमी नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. बाथरूम सोडलं तर चोवीस तास. जोडीदार वरून नेमून दिलेला असतो आणि दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी लागते. तीत तो जाईल किंवा तुम्ही जाल, किंवा दोघंही तिथेच राहाल. एका मुलाचा जोडीदार मन लावून, अत्यंत सावकाश, सकाळचं सीरियल चावत असे. ‘सहा आठवड्यांत मला त्या आवाजाचं जेवढं भान आलं तेवढं देवाचं कधी आलं नाही,’ हे त्याचं वाक्य. दर आठवड्याला दोघांनी समोरासमोर बसून, प्रार्थना करून, आपलं काय चाललंय, काय खटकतंय हे बोलायचं असतं. त्या बैठकीत याने तीन आठवडे आवाजाचा विषय काढला नाही. शेवटी काढला, तर समोरचा म्हणाला, ‘तू झोपेत दात खातोस. मी रोज दोनला जागा होतो. मी बोललो नाही.’ दोघं त्या दिवशी हसून हसून लोळले आणि पुढे चांगले मित्र झाले. असंच नेहमी होतं असं नाही. काही जोड्यांत सहा आठवडे अबोला असतो. एक जण नियमांना चिकटलेला, दुसरा अंग चोरणारा, आणि दाराबाहेर पडले की दोघांनी प्रेमाच्या धर्माबद्दल बोलायचं! फिलिपिन्समध्ये जोडीदार बरेचदा तिथलाच असतो, दुसऱ्या बेटावरचा. अमेरिकन पोराला त्याच्याकडून भाषा लवकर येते, आणि आपल्या घरची गॅरेजं किती मोठी आहेत तेही पहिल्यांदा कळतं.

आमच्याकडे येणारी बरीच मुलं सांगतात, की परतल्यावर पहिल्या रात्री स्वतःच्या खोलीत दार लावून झोपायची भीती वाटली. दोन वर्षं एकांताची भूक असते, आणि तो मिळाला की तो अंगावर येतो.

आता श्रद्धेचं. तुम्ही विचारलंय, ‘रोज नकार ऐकून विश्वास टिकतो कसा?’ त्यासाठी हा मुलगा लोकांना काय सांगतो ते पाहायला हवं. गोष्ट 1820 ची, न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायराची. जोसेफ स्मिथ नावाचा चौदा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा. कुठला पंथ खरा या गोंधळात त्याने बायबलमध्ये वाचलं, की ज्याला शहाणपण कमी पडतं त्याने देवाकडे मागावं. तो रानात गेला, गुडघे टेकले आणि त्याला देवाचं आणि येशूचं दर्शन झालं, अशी यांची श्रद्धा. दहा वर्षांनी, 1830 मध्ये, चर्च स्थापन झालं. त्याच वर्षी जोसेफचा भाऊ सॅम्युएल ‘मॉर्मनचा ग्रंथ’ या त्यांच्या स्वतंत्र धर्मग्रंथाच्या प्रती झोळीत घालून निघाला. त्याला यांचा पहिला मिशनरी मानतात. म्हणजे धर्माच्या मुळाशीच ‘तू स्वतः विचार, तुला उत्तर मिळेल’ हे आश्वासन आहे. मिशनरी दारोदार तेच सांगतो: आमचं ऐकू नका, ग्रंथ वाचा, प्रार्थना करा आणि काय वाटतं ते पाहा.

पेच इथेच आहे. सांगणारा स्वतः अठरा वर्षांचा. त्याला तसं उत्तर मिळालंय का? माझ्यासमोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी हळू आवाजात सांगितलंय, की निघताना मिळालं नव्हतं. आईला मिळालं होतं, बिशपना (वॉर्डाच्या प्रमुखांना) मिळालं होतं, मी त्यांच्यावर विसंबून निघालो. यावर त्यांच्याकडे एक जुनं उत्तर आहे. बॉइड पॅकर या त्यांच्या प्रेषिताने म्हटलं होतं, की साक्ष, म्हणजे ‘हे सत्य आहे’ ही मनाची खात्री, ती देता देताच सापडते. आपल्याकडे नामस्मरण करणारे काय वेगळं सांगतात? आधी घ्या, गोडी मागून येईल. हे खरंही ठरतं. अनोळखी भाषेत, एका विधवेच्या अंगणात, तुटक्या शब्दांत तीच गोष्ट शंभराव्यांदा सांगताना एखाद्या मुलाचा कंठ दाटून येतो आणि त्याला कळतं, की आपण हे नुसतं पाठ म्हणत नाही आहोत. त्या क्षणाबद्दल बोलताना मुलांचे चेहरे बदलतात. मी नास्तिकतेकडे झुकणारी बाई, पण तो बदल मला नाटकी वाटलेला नाही.

मात्र हेच औषध काहींना बाधतं. ‘मला ठाऊक आहे की हे सत्य आहे’ असं दिवसातून चारदा म्हणायचं आणि आत फक्त ‘असावं’ एवढंच असायचं. प्रामाणिक मुलाला हे खोटं बोलणं वाटतं. त्यातून अपराधी भाव, त्यावर उतारा म्हणून आणखी कडक नियमपालन. सहा पस्तीसला उठलो म्हणून आज कुणी भेटलं नाही, काल मनात वाईट विचार आला म्हणून त्या कुटुंबाने बाप्तिस्मा पुढे ढकलला, अशी सांगड मन घालू लागतं. मिशन अध्यक्षांकडे (हे तीन वर्षांसाठी नेमलेले मध्यमवयीन जोडपं असतं, त्यांच्या हाताखाली शेदोनशे मुलं) पुन्हा पुन्हा त्याच क्षुल्लक चुकीची कबुली द्यायला जातो. आमच्या व्यवसायात याला ओसीडीचा, म्हणजे मंत्रचळाचा, धार्मिक अवतार समजतात. सोवळं पाळता पाळता दिवसातून वीसदा हात धुणारी आजी ज्यांनी पाहिली असेल त्यांना वेगळं समजवावं लागणार नाही. शहाणे अध्यक्ष हे ओळखतात आणि मुलाला उपचारांकडे पाठवतात. काही जण अजून जास्त प्रार्थना सुचवतात. चर्चनेच मिशनरींसाठी ताणतणावावर एक छोटी पुस्तिका काढली आहे, तीत मनाची अवस्था हिरव्या, पिवळ्या, केशरी आणि लाल रंगात दाखवली आहे. केशरीत असताना मदत माग, लाल होईपर्यंत थांबू नकोस, असं. मुलं ती वाचतात आणि स्वतःला नेहमी पिवळ्यात धरतात.

आणखी एक कसोटी इंटरनेटची. दारात उभा असलेला कुणीतरी विचारतो, ‘जोसेफ स्मिथच्या बायका किती होत्या?’ किंवा ‘1978 पर्यंत काळ्या पुरुषांना तुमचं पौरोहित्य का देत नव्हता?’ हे प्रश्न खोटे नाहीत. चर्चने 2013 पासून आपल्या संकेतस्थळावर या विषयांवर लेखही घातले. ज्या मुलाच्या घरी हे मोकळेपणाने बोललं गेलं तो ‘हो, हे घडलं’ म्हणून पुढे बोलू शकतो. ज्याने ते पहिल्यांदा परक्याच्या ओट्यावर ऐकलं, त्याला आपल्या माणसांनी फसवल्यासारखं वाटतं. माझ्या पाहण्यात श्रद्धा गेली ती इतिहासामुळे कमी आणि या फसवणुकीच्या भावनेमुळे जास्त.

आकड्यांचंही ओझं असतं. 2024 अखेर जगभरात 74 हजारांवर मिशनरी होते, 450 मिशनांत, म्हणजे प्रचाराच्या विभागांत, आणि वर्षभरात नवे बाप्तिस्मे 3 लाख 8 हजारांच्या घरात. म्हणजे माणशी सरासरी चार. पण सरासरीला काय अर्थ? फिलिपिन्समध्ये मुलगा दोन वर्षांत पुष्कळ बाप्तिस्मे पाहू शकतो. पश्चिम युरोपात गेलेला हात हलवत परतू शकतो. पुढे अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले मिट रॉमनी साठच्या दशकात फ्रान्समध्ये अडीच वर्षं होते, वाइन पिणाऱ्या देशात दारूबंदीचा धर्म घेऊन. 1968 मध्ये ते चालवत असलेल्या गाडीला दुसऱ्या गाडीने धडक दिली, त्यात मिशन अध्यक्षांची पत्नी गेली आणि रॉमनींना आधी मृत समजलं गेलं. मिशन म्हणजे सुरक्षित सहल, असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाकलेला बरा.

जाता जाता पुण्याचं सांगते, कारण तुम्ही पुण्याच्या. हे लोक आपल्याकडे 1852 मध्येच आले होते. ह्यू फिंडले नावाचा मिशनरी मुंबईत उतरला, लष्करी छावण्यांत प्रचाराला अधिकाऱ्यांनी मनाई केली, मग तो पुण्याला गेला आणि तिथे मूठभर लोकांची एक छोटी मंडळी उभी केली. ती सगळी मोहीम 1856 पर्यंत आटोपली. अलीकडचं बंगळूर मिशन 1993 चं.

परत तुमच्या मुलाकडे येते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. मिशन मुलाकडून त्याचं नाव, एकांत, गाणी, गाव सगळं काढून घेतं आणि त्या जागी एक काम देतं. बहुतेक मुलं त्यातून कणखर होतात, परक्या माणसाशी बोलायला शिकतात, स्वतःचा शर्ट धुतात, गरिबी जवळून पाहतात. पण त्या दोन वर्षांत त्याला भेटणारा प्रत्येक माणूस ‘एल्डर’शी बोलत असतो. चर्चचे लोक, जोडीदार, अध्यक्ष, आणि आईसुद्धा काही अंशी. ज्याच्यासमोर त्याला आदर्श असावं लागत नाही असा एखादाच उरतो. तुमचा मुलगा तो आहे. मित्रांना पी-डेला ईमेल करता येतो. त्याने दर आठवड्याला लिहावं, पहिल्या नावाने हाक मारून. शाळेच्या मॅचचा स्कोअर, कुणी गाडी ठोकली, कुठला शिक्षक चिडला. धर्मावर वाद घालायचा नाही, ‘कधी सुटणार’ असंही लिहायचं नाही. उत्तर त्रोटक येईल, कधी सगळ्यांना पाठवलेलं सामुदायिक पत्रच येईल. मनाला लावून घ्यायचं नाही.

तुमच्या मुलाचं स्वतःचं दुःखही खरं आहे आणि युटात ते कुणी मोजत नाही. बारावीनंतर इथे मुलांची एक अख्खी फळी गायब होते. कॉलेजं त्यांच्या जागा राखून ठेवतात, आणि जे मिशनवर जात नाहीत ते पहिल्या वर्षी अचानक एकटे पडतात. दोन वर्षांनी मित्र परत येतील तेव्हा ते मागे, हा पुढे, आणि त्यातले काही वर्षभरात लग्नही करतील! तेव्हा त्याला आत्तापासूनच दुसरे मित्र जोडायला सांगा, आणि हे बोलण्यासाठी एखाद्या समुपदेशकाकडे जावंसं वाटलं तर जाऊ द्या.

मित्र मधूनच परत आला तर? तब्येत, मन, काही चूक, किंवा नुसतं नको झालं म्हणून काही मुलं परततात. 2020 च्या मार्चमध्ये कोविडमुळे हजारो जण एकाएकी परत आणले गेले, फिलिपिन्समधून तर खास विमानांनी. त्यांना निदान कारण द्यावं लागलं नाही. एरवी लवकर परतलेल्याकडे वॉर्डात सगळे गोड बोलतात आणि पाठीमागे कुजबुजतात. त्या मुलाला ‘का आलास?’ हा प्रश्न सोडून काहीही विचारलेलं चालतं. तुमच्या मुलाने बास्केटबॉल घेऊन दार वाजवावं, बस्स.

धर्मांतराची भीती. अल्पवयीन मुलाचा बाप्तिस्मा आईबापांच्या परवानगीशिवाय हे चर्च करत नाही. अठरानंतर निर्णय त्याचा. तोवर आणि नंतरही, तुमच्या घरी काय मानतात आणि का, हे त्याच्याशी बोलून ठेवलेलं असेल तर काळजीचं फार कारण राहत नाही. राहिले तुमच्या दारात येणारे मिशनरी. आपल्या लोकांची एक सवय त्यांना फार महागात पडते. आपण ‘बघू’, ‘नंतर या कधीतरी’ म्हणतो. ते फोनमध्ये तुमचं नाव, पत्ता, ‘रस आहे’ अशी नोंद करतात आणि खरंच नंतर येतात, आणि त्यांची बदली झाली की पुढची जोडीही येते. स्पष्ट ‘नाही, आम्हाला यात रस नाही’ म्हणा. त्यांना वाईट वाटत नाही, उलट वेळ वाचतो. मग पाणी विचारा. तुम्ही एकट्याच घरी असाल तर मुलगे आत येणार नाहीत, दारातच उभे राहतील. तो त्यांचा नियम आहे, अपमान समजू नका.

निरोपाच्या रविवारी तुम्हाला बोलावलंय, तर जरूर जा. सभा साधारण तासाभराची असते, मुलगा व्यासपीठावरून बोलेल, बहुधा रडेल. मध्ये पाव आणि पाण्याच्या लहान पेल्यांचे ट्रे फिरतात. घ्यायचं नसेल तर पुढे द्या, कुणी बघत नाही. साडी, सलवार-कमीज काहीही चालेल. त्यांच्यासमोर ‘मॉर्मन’ म्हणणं टाळा. 2018 मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष नेल्सन यांनी तो शब्द वापरू नका असं सांगितल्यापासून बऱ्याच जणांना तो टोचतो. सभेनंतर त्यांच्या घरी खाणंपिणं असेल. भेट द्यायची तर मळखाऊ रंगाचे चांगले मोजे द्या, सहा जोड. चालून चालून आधी मोजेच फाटतात.

त्याआधी मुलाला एकदा जेवायला बोलवा. चहा-कॉफी ते पीत नाहीत, 1833 मधल्या एका उपदेशातून आलेली बंदी आहे, त्यामुळे चहाचं आधण ठेवू नका. पन्हं, ताक, सोलकढी, लिंबाचं सरबत सगळं चालतं. आणि भात थोडा जास्तच लावा, त्याला आता सवय करायचीच आहे.